रंगाऱ्याचे गुपित आणि अदालतीचा हुकूम

दिवाणी दाव्यात पक्षकाराचे व्यापारी गुपित चव्हाट्यावर येऊ नये म्हणून अदालत जो गोपनीयतेचा हुकूम काढते, त्याचे मूळ अमेरिकेच्या १९३८ च्या दिवाणी नियमावलीत शोधण्याची वहिवाट पडली आहे. आणि गुप्त कृती व संशोधन उघड करण्यातून पक्षकारास सूट देण्याचा अधिकार तीत न्यायाधीशास स्पष्टपणे दिलेला असल्यामुळे हा समज अगदीच निराधार नाही. माझ्या मते मात्र हे कूळ मँचेस्टरच्या रंगाच्या कारखान्यातले आहे.

बाडिश या जर्मन रंगकंपनीने लेविन्स्टाइन या मँचेस्टरच्या कारखानदारावर लावलेला पेटंटभंगाचा दावा १८८३ साली लंडनच्या अदालतीत चालला. आपली कृती निराळी, हे पटवायचे तर प्रतिवादीस ती सांगणे प्राप्त होते, आणि उघड्यावर सांगावी तर दावा जिंकूनही धंदा गमावण्याची धास्ती होती. सबब ती जबानी दार लावून घेण्यात आली. पुढे १९१३ साली स्कॉट दांपत्याच्या खटल्यात, बंद दालनातील सुनावणीच्या नकला सासऱ्याला व नणंदेला धाडणाऱ्या पत्नीस बेअदबीच्या आरोपातून मुक्त करताना, न्याय उघड्यावरच झाला पाहिजे असे उमरावसभेने ठणकावले. आणि नवल असे की, प्रसिद्धीने दाव्याचा विषयच नष्ट होत असेल तर दार लावावे, हा गुप्त कृतीचा अपवाद लॉर्ड हाल्डेन यांनी त्याच निकालात मान्य केला. गोपनीयतेला प्रतिष्ठा मिळाली ती अशी खुल्या न्यायाच्या सनदेतच!

प्रतिपक्ष येथे १९१७ चा ड्यू पाँ विरुद्ध मॅसलंड हा कृत्रिम चामड्याचा खटला पुढे करील, कारण गुपित सांगायचे की नाही, कोणाला आणि कोणत्या खबरदारीने, हे न्यायाधीशाने ठरवावे, असे न्यायमूर्ती होम्स यांनी तेथे लिहिले. मान्य, परंतु चामड्याने रीत शिकविली, तर तिच्यामागचे कारण रंगानेच शिकविले, आणि नियमावलीतील गुप्त कृतीचा उल्लेखही इंग्लंडच्याच वाटेने तेथे पोचला असावा.

ही शाखा मुंबईतही पोचली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर ठाकरसींनी लावलेल्या अब्रूनुकसानीच्या दाव्यात, आपली साक्ष छापल्यास धंद्याला धक्का बसेल अशी एका व्यापाऱ्याने विनंती केली, आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी १९६४ साली तोंडी हुकमाने त्या साक्षीच्या प्रसिद्धीस मनाई केली. वार्ताहर नरेश मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु १९६६ साली गजेंद्रगडकरांच्या नेतृत्वाखालील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, स्कॉट खटल्याचा ऊहापोह करून, तो हुकूम बहुमताने वैध ठरविला. हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले, आणि माझा कौल त्यांच्याकडे आहे, कारण धोका होता तो साक्षीदाराच्या व्यापाराला. दाव्याच्या विषयाला नव्हे.

आज दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत ठरावीक वकील व तज्ज्ञ यांनाच गोपनीय दप्तर दाखविणारे 'कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी क्लब' आहेत, आणि ते मला अधिक न्याय्य वाटतात. ज्या गुपितावर दावा उभा आहे तेवढेच झाकावे. कोणाच्या गैरसोयीखातर अदालतीचे दार लावू नये.