मोजणीच्या शाळेपासून कम्युनिटी कॉलेजपर्यंत

मद्रासमध्ये तंत्रशिक्षणाची सुरुवात एका मालकाच्या अडचणीतून झाली. 1792 च्या तहात टिपूकडून ईस्ट इंडिया कंपनीला सेलम, बारामहाल, दिंडीगल हा मुलूख मिळाला आणि तो मोजायला माणसे कमी पडली. विलायतेहून मोजणीदार आणणे महाग पडत होते. तेव्हा कंपनीचा खगोलशास्त्रज्ञ मायकेल टॉपिंग याने 1794 मध्ये मोजणीची शाळा काढली. पहिली तुकडी 8 मुलांची होती आणि मुले अनाथाश्रमातून आणली होती. जोशुआ डी पेनिंग याच शाळेत शिकला. 1802 मध्ये विल्यम लँबटनने मद्रासजवळ ज्या प्रचंड त्रिकोणमितीय मोजणीची पहिली रेघ आखली, तिच्या कामावर तो पुढे वर्षानुवर्षे होता. आज गिंडीत असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आपले मूळ याच शाळेत सांगते. शाळा आणि काम यांची इतकी घट्ट सांगड मद्रासने पुन्हा क्वचितच पाहिली. पण या सांगडीत शिकवणारा, कामावर घेणारा आणि राज्य करणारा एकच होता. मुलाला दुसरे दार नव्हते. चेन्नईचा पुढचा सगळा इतिहास मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: शिक्षणाला मालक हवा, पण शिकणारा त्याच्या हाती पूर्णपणे जाऊ नये, हे साधायचे कसे?

अल्फ्रेड चॅटर्टनने हा प्रश्न उलट्या टोकाने हाताळला, आणि त्याचा प्रयोग आपण फार लवकर विसरलो असे माझे मत आहे. तो मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होता, पुढे कला विद्यालयाचा कारभारही त्याच्याकडे आला. तांब्या-पितळेचे कारागीर शिकून तयार झाले तरी त्यांच्या मालाला नवे गिऱ्हाईक नव्हते. म्हणून 1898 मध्ये त्याने विद्यालयातच ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. नंतर क्रोमने कातडे कमावण्याचा प्रयोगही उभा केला. आधी धंदा उभा करायचा, मग शिकलेल्या हातांना जागा आपोआप मिळते, असा त्याचा हिशेब होता. ॲल्युमिनियमचा धंदा रुजला आणि खासगी कंपनीकडे गेला. मात्र सरकारने कारखानदारी करावी हे मद्रासच्या युरोपीय व्यापाऱ्यांना रुचले नाही. 1910 मध्ये भारतमंत्री मोर्ले यांनी लंडनहून कळवले की औद्योगिक शिक्षण द्या, पण सरकारी पैशाने धंदे काढू नका. 1912 मध्ये चॅटर्टन म्हैसूर संस्थानात गेला. मोर्ले यांच्या आदेशातली चूक मला स्पष्ट दिसते. शिक्षण आणि धंदा यांमध्ये त्यांनी जी भिंत घातली, ती साहेब गेल्यावरही आपण जपली. शाळा शिक्षण खात्याची, रोजगार दुसऱ्या खात्याचा, आणि कारखाना कोणाचाच नाही.

यावर म्हणता येईल की मालकाला आत घेतले की अभ्यासक्रम अरुंद होतो, मुलगा एका यंत्रापुरता उरतो. हा आक्षेप खरा आहे आणि टॉपिंगच्या शाळेने तो आधीच सिद्ध केला आहे. पण मद्रासमध्येच त्याला उत्तरही सापडते. 1915 मध्ये इथे चामड्याच्या धंद्यासाठी शाळा निघाली. ती एका कंपनीची नव्हती, साऱ्या धंद्याची होती. चामड्याने या शहरावर आपले नावही कोरले: क्रोमपेट हे उपनगर क्रोम लेदर कंपनीवरून ओळखले जाते, आणि तिथेच 1949 मध्ये सी. राजम यांनी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली. धंदा अनेक मालकांचा असला की शिकलेल्याला निवड मिळते. मुंबईत 1887 मध्ये निघालेली व्हीजेटीआय गिरण्यांच्या गरजेशी जोडलेली होती, पण गिरण्या अनेक होत्या म्हणून तिचा विद्यार्थी एका शेठचा राहिला नाही.

तरीही या सगळ्या शाळांनी उंबरठा उंच ठेवला होता. दहावी-बारावीला अडलेला मुलगा किंवा चूल सांभाळून शिकू पाहणारी बाई यांचे काय, हा प्रश्न 1996 मध्ये विचारला गेला. त्या वर्षी मद्रास-मैलापूरच्या धर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज काढले. कल्पना अमेरिकेतली, तिथे अशी पहिली संस्था 1901 मध्ये जोलिएटला निघाली. पण इथे तिला वेगळे वळण मिळाले. जेझुइट पाद्री झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ पुढे नेली आणि 1999 मध्ये तिच्यासाठी चेन्नईत केंद्र उभारले. वर्षभराच्या पदविकेत जगण्याची कौशल्ये, हाताचे काम आणि प्रत्यक्ष कामावरची उमेदवारी हे तिन्ही भाग गुंफलेले असत. त्याच सुमारास श्रीपेरुंबुदुर परिसरात ह्युंदाई आणि मरैमलैनगरला फोर्ड आली होती. शहराला हात हवे होते, आणि नापासाचा शिक्का बसलेले हात जवळच होते. मला यात खरी नवलाई दिसते: आरंभ मालकापासून नव्हे, वंचितापासून झाला, आणि मालकाला नंतर बोलावले गेले.

हे दुय्यम शिक्षण आहे, गरिबांना वेगळ्या रांगेत उभे करणे आहे, असे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. पुढची वाट बंद असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. म्हणून या पदविकांना विद्यापीठाची मान्यता हवी होती. 2013 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तेव्हा हे काम कागदावर तरी देशभर पोचले. प्रत्यक्षात यश तिथेच दिसते जिथे कारखाना अभ्यासक्रम ठरवताना बसतो, उमेदवारीत विद्यावेतन देतो, आणि नोकरी दिली नाही तरी मुलाला दुसरीकडे उपयोगी पडेल असे शिकवतो. 2023 मध्ये तमिळनाडूने टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने 71 सरकारी आयटीआय नव्याने सजवले. यंत्रे आली, हे चांगलेच झाले, पण यंत्र ही सांगडीची निम्मी बाजू आहे. म्हणून आपल्याकडच्या, महाराष्ट्रातल्या चाकण, वाळूज, सातपूरच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: कुशल माणूस मिळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या संस्थेत जाऊन नापासांसाठी किती जागा आहेत ते विचारा, आणि त्यातल्या काहींचे विद्यावेतन पहिल्या दिवसापासून आपल्या खात्यातून द्या.