घरची सुई : आपल्या इतिहासातील एक राहिलेले प्रकरण

आपल्या समाजाच्या इतिहासाविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखणी प्रथम श्रीसंत नामदेवरायांच्या चरणी वळते, आणि ते योग्यच आहे. दामाशेटींच्या घरी जन्मलेल्या या महापुरुषाने (१२७०–१३५०) भक्तीची पताका पंजाबपर्यंत नेली. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि गज, कात्री, सुई व दोरा ही आपल्या नित्याची साधने त्यांच्या वाणीत भक्तीची रूपके झाली, हे समाजबांधवांस विदित आहेच. त्यानंतर आपला इतिहास दुकानांचा, पेढ्यांचा आणि कर्तबगार पुरुषांचा होतो. या इतिहासात एक प्रकरण लिहावयाचे राहून गेले आहे, असे आम्हांस वाटते. ते प्रकरण म्हणजे घरच्या सुईचे. प्रस्तुत लेखात त्याचा यथामति विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम एक प्रश्न विचारात घेऊ. गावगाड्यातील बारा बलुत्यांच्या रूढ यादीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट आहेत. शिंपी मात्र सहसा नाही. काही याद्यांत तो अलुतेदारांत येतो. वस्त्र ही तर अन्नाखालोखालची गरज. मग तिच्या कारागिरास बलुत्यात स्थान का नसावे? आमच्या मते याचे उत्तर त्या काळच्या पेहरावात आहे. धोतर, उपरणे, पासोडी, पागोटे, लुगडे ही सर्व वस्त्रे मागावरून उतरली की तशीच अंगावर चढत. त्यांस टाका लागत नसे. शिवण लागे ती चोळीस, बंडीस, कोपरीस, मुलांच्या अंगड्यास. आणि त्यांपैकी पुष्कळसे काम घरातल्या घरात उरकले जाई. अंगरखा किंवा बाराबंदी बेतावयाची झाली म्हणजे शिंपीदादांकडे जावे लागे. रोजच्या वापराचा पहिला शिंपी म्हणजे घरातील स्त्रीच होय.

तिच्या कलेचा विस्तार तरी केवढा! गुळेदगुड्डचा खण घरी आला की तो एका चोळीपुरताच असे. त्यात बाह्या, पाठ व पुढील गाठीचे पदर बसवून एकही तुकडा वाया जाऊ न देणे, हे गणित ती कागदावाचून सोडवी. लुगडे मध्ये विरले तर तेवढा भाग काढून उरलेली दोन टोके जोडावयाची, यास दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही फाटले की त्याचे मऊ दुपटे होई, आणि दुपटीही जीर्ण झाली की ती एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी सिद्ध होई. घरात लेकीचे अथवा सुनेचे दिवस भरत आले म्हणजे बाळंतविड्याची तयारी सुरू होई. अंगडे, टोपडे, झबले, कुंची हे सारे हातशिलाईचे. तान्ह्या बाळाच्या अंगाला शिवण टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूस ठेवण्याचा विवेक त्यात असे. पानसुपारीची चंची, नाण्यांचा कसा, नाडी ओढून मिटणारा बटवा, बाजाराची पिशवी यांतील एकही वस्तू विकत आणावी असे कोणास वाटत नसे. चिंधीचे गाठोडे हेच त्या घराचे कापड-दुकान होते.

आता आपल्या स्वतःच्या घरांकडे वळू. आमचे वडील बाजारपेठेतील एका कापड-दुकानाच्या ओट्यावर यंत्र मांडून बसत. दिवाळी आणि लग्नसराई आली म्हणजे बेतलेले कापड रात्री गाठोड्यातून घरी येई. कंदिलाच्या उजेडात मातोश्री व आत्या काजे करीत, गुंड्या लावीत, हेम घालीत. काजे म्हणजे कापडास पाडलेली नुसती चीर नव्हे. तिच्या कडेने टाके इतके दाट व एकसारखे पडावे लागतात की गुंडी हजार वेळा आतबाहेर झाली तरी धागा सुटू नये. सकाळी तेच सदरे दुकानी जात आणि गिऱ्हाईक वडिलांच्या हाताची तारीफ करून शिलाई देई. त्या शिलाईत मातोश्रींचा वाटा किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

शिवणयंत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रान्समधील तिमोनिये या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळविले. त्याच्या कारखान्यात सैन्याचे गणवेश तयार होऊ लागले, तेव्हा आपली भाकरी जाणार या भयाने १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ मध्ये एलियास हौ याने आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपापल्या यंत्रांची पेटंटे घेतली. सिंगरच्या कंपनीने हप्त्यांनी यंत्र देण्याची प्रथा पाडली, आणि जे कारखान्यासाठी होते ते घराच्या ओसरीवर आले. १९२४ मध्ये महात्माजींना त्यांच्या यंत्रविरोधाविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी ज्या यंत्रास आवर्जून अपवाद केले ते हेच सिंगरचे शिवणयंत्र होय. पत्नीचे कष्ट पाहून ते निर्मिले गेले आणि त्यामागे प्रेम आहे, असा त्यांचा अभिप्राय होता.

महाराष्ट्रात या सुईला नवी प्रतिष्ठा मिळाली ती स्त्रीशिक्षणाच्या चळवळीने. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. निराधार स्त्रीस चार पैसे मानाने मिळावेत हा त्यामागील हेतू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ पासून कापडावर नियंत्रण आले, आणि जुन्यातून नवे करण्याची घरोघरची विद्या पुन्हा उपयोगी पडली. आपल्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांना मात्र घरोघरी यंत्र येणे रुचले नाही. परस्त्रिया घरी ब्लाउज शिवू लागल्या तर आपण काय करावे, असा सूर आमच्याही घरी आम्ही ऐकला आहे. पॅरिसचे भय आपल्या आळीतही होतेच.

परंतु काळाने हे भय अस्थानी ठरविले. आपला धंदा घरच्या सुईने बुडविला नाही; त्यास धक्का दिला तो तयार कपड्यांच्या कारखानदारीने. ज्या घरात कोणीच सुई धरीत नाही, त्या घरास शिलाईचे मोल तरी कसे कळावे? जिने स्वतः एक काजे केले आहे, ती कारागिराशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना थबकते. घरची सुई ही दुकानातील कात्रीची वैरीण नसून माता आहे, असे आमचे मत बनले आहे. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या प्रसंगी शासनाने घरी शिवलेला मुखपट्टा वापरण्याचा सल्ला दिला, त्या वेळी बाजार बंद होते. पण ज्या घरी सुईदोरा आणि एखादे जुने यंत्र होते, तेथे कोणाचे अडले नाही. आपल्यातील कित्येक वृद्ध मातांनी त्या दिवसांत पुन्हा पायटा मारला.

असो. हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही आमच्या कुटुंबाच्या नोंदणीचा जुना तक्ता काढून पाहिला. व्यवसायाच्या रकान्यात वडिलांच्या नावापुढे ‘शिवणकाम’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे. मातोश्रींच्या नावापुढे एक आडवी रेघ आहे. आयुष्यभर ज्या हातांनी काजे केले त्या हातांची एवढीच नोंद.

आमची समाजबांधवांस व कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, पुढील नोंदणीच्या वेळी ही रेघ कोणाच्याही नावापुढे राहू नये. ज्यांच्या घरी जुन्या कुंच्या, चंच्या, दंड घातलेली लुगडी असतील त्यांनी ती टाकून न देता जपावीत, आणि वडीलधाऱ्या मायभगिनींस त्या कशा शिवल्या हे विचारून लिहून ठेवावे. नामदेवरायांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. तो सांगताना त्यांच्या हातातील सुईत ज्यांनी दोरा ओवून दिला, त्यांचेही स्मरण असावे.