बालकर्करोगाविरुद्ध तीन रुग्णालयांचा सहयोग

बालकाच्या रक्ताचा कर्करोग म्हणजे एके काळी मृत्यूचाच निरोप मानला जाई. १९४८ साली बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही बालकांचा रोग तात्पुरता मागे हटविला आणि आशेला वाट फुटली. पुढे पाश्चात्त्य रुग्णालयांनी आपले अनुभव एकत्र केले. एकेका रुग्णालयात असे बालरुग्ण मोजकेच येत, त्यामुळे एकत्र येणे भागच होते. १९७०च्या दशकाअखेरीस तेथे शंभरांपैकी सुमारे साठ बालके वाचू लागली. भारतातील मोठ्या केंद्रांत मात्र जेमतेम वीस.

ही दरी भरून काढण्यासाठी १९८४ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी 'एमसीपी-८४१' ही एकच उपचारपद्धती स्वीकारली. पहिले रुग्णालय १९४१ साली टाटांच्या न्यासाने उभारलेले, दुसरी संस्था १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी स्थापिलेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयान मॅग्राथ, अड्यारच्या डॉ. व्ही. शांता व मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी हे या कार्यातील धुरीण होत. औषधे तीच, क्रम तोच, नोंदीही त्याच रीतीच्या. तीन पेढ्यांचे गज निरनिराळे असतील तर कोणाचे कापड लांब हे ठरावे कसे?

एक हजाराहून अधिक रुग्णांच्या या नोंदींतून दिसले की, तिन्ही ठिकाणी रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले. पण एक कटू सत्यही पुढे आले. कित्येक बालके उपचारांनी प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर जंतुसंसर्गाने दगावत होती. असे मृत्यू कालांतराने घटले. आपली चूक लपविण्याऐवजी ती समान वहीत मांडणे, हे या वैद्यांचे मोठेपण होय. चतुर्विध दानांत औषधदानाबरोबर शास्त्रदानही सांगितले आहे, ते येथे अक्षरशः घडले.

पुढे २०१६ साली सुरू झालेल्या चाचणीत कोलकाता व चंडीगढ येथील केंद्रेही याच तिघांबरोबर सामील झाली.

तथापि एक प्रश्न रुग्णालयांच्या भिंतींबाहेरचा होता. हा उपचार सुमारे दोन वर्षांचा. दूरच्या खेड्यातील मजुराने तितके दिवस मुंबईत राहावे कोठे? परळच्या पदपथावर मुलाला निजविणारे आईबाप अनेकांनी पाहिले आहेत. ताप उतरला, मूल खेळू लागले की ते गावी परतत आणि अर्धवट सोडलेला रोग पुन्हा उफाळून येई. ही उणीव औषधाने भरून निघणारी नव्हती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने परगावच्या रुग्णांना आसरा दिला. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने खास बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी निवास उभारले. मूल, माता आणि पिता एका छताखाली, स्वयंपाकाची सोय तेथेच, आणि रुग्णालयात नेण्या-आणण्याची व्यवस्थाही.