गृहांतर्गत वायुगुणवत्ता संवेदक

घराच्या आतील हवेतील सूक्ष्म कण, वायू, बाष्पे, तापमान आणि आर्द्रता सतत मोजून त्यांची नोंद ठेवणारी लहान विद्युत उपकरणे. बाजारात ती ‘एअर क्वालिटी मॉनिटर’ म्हणून विकली जातात. तळहाताएवढ्या एका डबीत बहुधा तीन-चार निरनिराळे संवेदक, त्यांचे संकेत वाचणारी चिप आणि वाय-फाय जोडणी असते. मोजलेले आकडे डबीच्या पडद्यावर आणि मोबाइलवर दिसतात. मर्यादा ओलांडली गेल्यास सूचना धाडणे, हवाशुद्धक किंवा एक्झॉस्ट पंखा आपोआप चालू करणे ही कामेही अशा उपकरणांकडे सोपविता येतात, म्हणून त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात.

इतिहास : खोलीतील हवा कोंदट झाली आहे की नाही, हे आकड्यात सांगण्याचा पाया म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये घातला. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे १,००० भाग (१,००० पीपीएम) ही मर्यादा त्यांनी सुचविली. इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः घातक नसतो. माणसांच्या श्वासामुळे आणि शरीरामुळे हवा किती वापरली गेली, याची ती खूण असते. आजच्या बहुतेक उपकरणांत हिरव्या दिव्याचा पिवळा दिवा याच आकड्याच्या आसपास होतो.

जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडावर आधारित वायुसंवेदक तयार केला. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणे हा त्याचा पहिला मोठा उपयोग.

घरातील धुराच्या मोजमापात भारतीय स्वयंपाकघराला महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ (१९४७–२०२०) यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून त्यांच्या श्वासात जाणारा धूर मोजला. पुढे त्यांच्या बर्कली येथील गटाने, आगीची सूचना देणाऱ्या साध्या धूरसूचकाचे भाग वापरून स्वस्त कणमापक बनविला. पुण्याजवळच्या खेड्यांत ‘लक्ष्मी’ आणि ‘भाग्यलक्ष्मी’ या सुधारित चुलींमुळे स्वयंपाकघरातील धूर व कार्बन मोनॉक्साइड किती घटतो, याचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच परंपरेतला आहे. कणमोजणीसाठी लागणारे लेसर डायोड स्वस्त झाल्यावर अशी साधने शहरी घरांत पोहोचली. वेगवेगळ्या कंपन्यांची गृहोपकरणे एकमेकांशी जोडणाऱ्या ‘मॅटर’ या संकेतप्रणालीत २०२३ मध्ये वायुगुणवत्ता संवेदकांचा समावेश झाला.

कार्यतत्त्व : (१) कणसंवेदक. लहान पंखा हवा आत ओढतो आणि ती लेसर किरणासमोरून जाते. कणांवर आदळून विखुरलेला प्रकाश प्रकाशग्राहक टिपतो आणि त्यावरून कणांची संख्या व आकार यांचा अंदाज केला जातो. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात, ते फुप्फुसांत खोलवर जातात. एका घनमीटर हवेतील त्यांचे वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगतात. संवेदक मात्र कण प्रत्यक्ष तोलत नाही. कणांची घनता गृहीत धरून तो वजन काढतो. सुमारे ०.३ मायक्रोमीटरहून लहान कण त्याला जवळजवळ दिसत नाहीत.

(२) कार्बन डाय-ऑक्साइड संवेदक. हा वायू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. छोट्या नळीतून किरण सोडून पलीकडे किती पोहोचले, हे मोजले की वायूचे प्रमाण कळते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते ४२० पीपीएमच्या थोडे वर असते, तर माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम.

(३) बाष्पसंवेदक. रंग, पॉलिश, फिनेल, अत्तर, नवे प्लायवुड यांतून उडणाऱ्या सेंद्रिय बाष्पांसाठी तापविलेल्या धातू-ऑक्साइडाचा थर वापरतात. बाष्प लागताच थराचा विद्युत रोध बदलतो. बाष्प कोणते, हे त्याला ओळखता येत नाही. हाताला लावलेले सॅनिटायझर आणि भिंतीचा ओला रंग त्याच्या लेखी एकच. काही स्वस्त उपकरणे याच संवेदकावरून कार्बन डाय-ऑक्साइडचा अंदाज बांधून तो मोजलेल्या आकड्यासारखा दाखवितात. विकत घेताना अवरक्त किंवा प्रकाशध्वनिक (शोषलेल्या किरणांमुळे उठणारा सूक्ष्म ध्वनी टिपणाऱ्या) संवेदकाचा उल्लेख आहे का, हे पाहणे म्हणून आवश्यक असते.

(४) कार्बन मोनॉक्साइड संवेदक. हे विद्युत-रासायनिक असतात. वायूची विद्युतअग्राशी अभिक्रिया होऊन त्याच्या प्रमाणात सूक्ष्म प्रवाह वाहतो.

मानके : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ५ आणि २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. हे मार्गदर्शन घरातील व बाहेरील अशा दोन्ही हवेला लागू आहे. भारतातील २००९ ची राष्ट्रीय मानके बाहेरील हवेसाठी आहेत. त्यांत हेच आकडे अनुक्रमे ४० आणि ६० आहेत. इमारतींच्या अंतर्भागासाठी ‘इश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले.

ॲपवर दिसणारा ‘एक्यूआय’ हा वायुगुणवत्ता निर्देशांक कोणत्या देशाच्या पद्धतीचा आहे, हे न पाहिल्यास गोंधळ होतो. पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम हे प्रमाण भारतीय निर्देशांकात १०० म्हणजे ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी निर्देशांकात तेच १५० च्या वर जाऊन ‘अनारोग्यकारक’ गणले जाते. शिवाय कणांसाठीचा भारतीय निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. फोडणीच्या वेळी पाच मिनिटे चढलेला आकडा त्या सरासरीशी ताडून पाहता येत नाही.

मर्यादा : दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कणसंवेदक प्रत्यक्षाहून मोठा आकडा दाखवू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एका लोकप्रिय संवेदकासाठी काढलेल्या दुरुस्ती-सूत्रात सापेक्ष आर्द्रतेचे पद आहे, ते याच कारणाने. अल्ट्रासॉनिक आर्द्रकाचे तुषारही धुळीत मोजले जातात.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या अवरक्त संवेदकांत बहुधा स्वयं-अंशशोधनाची सोय असते. गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे ते धरून चालतात. खिडक्या कधीच न उघडणाऱ्या वातानुकूलित खोलीत हे गृहीतक फसते आणि कोंदट हवाच ताजी ठरून आकडे सरसकट कमी दिसू लागतात. उपकरण अधूनमधून गच्चीत किंवा उघड्या खिडकीत ठेवणे हा त्यावरचा उपाय.

घरातील वापर : बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे एक ते दीड मीटरवर उपकरण ठेवतात, शेगडी, देवघर, खिडकी आणि पंख्याचा थेट झोत टाळतात. एखाद्या आकड्यापेक्षा दिवसभराच्या आलेखातून अधिक कळते. तळण, उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल यांच्या वेळी कणांचा आलेख उभा चढतो. तो उतरायला लागणारा वेळ घरातील वायुवीजन कसे आहे ते सांगतो. दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या शयनगृहात पहाटेपर्यंत कार्बन डाय-ऑक्साइड वाढत जातो, कारण नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवितो. हवाशुद्धकातील हेपा गाळणी कण अडविते, हा वायू अडवीत नाही. त्यासाठी खिडकीच उघडावी लागते. मात्र बाहेर धूर किंवा बांधकामाची धूळ असेल, तेव्हा उघड्या खिडकीतून कण आत येतात. अशा वेळी बाहेरचा आकडा पाहून वेळ निवडतात. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रणालीची माहिती उपयोगी पडते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिल्यास भिंतींवर बुरशी धरण्याची शक्यता वाढते.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात चालू राहिल्यास ऑक्सिजन कमी पडून अपूर्ण ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. अनेक सर्वसाधारण वायुगुणवत्ता उपकरणांत हा संवेदक नसतो. त्यासाठी प्रमाणित असे वेगळे इशारायंत्र लागते. त्यातील रासायनिक घट काही वर्षांत क्षीण होतो, म्हणून यंत्रावर बदलण्याची तारीख छापलेली असते. ती उलटल्यावर दिवा लागत असला, तरी यंत्र भरवशाचे राहत नाही.