रायफलींची बांधणी : १९१४ मधील आयर्लंडचा पुरावा

शस्त्रांच्या चोरट्या आयातीचा इतिहास लिहिताना बंदुका किती, कोणी व कोठून आणल्या, एवढीच नोंद बहुधा घेतली जाते. त्या कशा बांधल्या होत्या, याचा विचार होत नाही. वस्तुतः बांधणी हाही एक पुरावाच होय. १९१४ साली आयर्लंडमध्ये स्वराज्याच्या प्रश्नावरून परस्परविरोधी दोन स्वयंसेवक-दले उभी होती, आणि दोघांनीही हॅम्बुर्ग येथे रायफली विकत घेतल्या.

अल्स्टरच्या स्वराज्यविरोधी दलासाठी फ्रेड क्रॉफर्ड यांनी सुमारे २५,००० रायफली मिळविल्या व पाच-पाच रायफली आणि त्यांची काडतुसे यांचे एकेक गाठोडे बांधविले. त्यात वेळ गेला. परंतु २४-२५ एप्रिलच्या रात्री लार्न व इतर बंदरांत माल उतरताच तो मोटारींतून जागोजाग रवाना करणे सुकर झाले. वाटपाची योजना बांधणीतच अंतर्भूत होती.

राष्ट्रवादी पक्षाजवळ १,५०० जुन्या माउझर रायफलींपुरताच पैसा होता. १८७१ च्या नमुन्याची ही रायफल सुमारे १३५ सेंटिमीटर लांब व साडेचार किलो वजनाची. १२ जुलै रोजी भर समुद्रात ६०० रायफली ‘केल्पी’वर, तर ९०० अर्स्किन चिल्डर्स यांच्या ‘अ‍ॅस्गार्ड’ या शिडाच्या नौकेवर चढविण्यात आल्या. नऊशेंचे वजन चार टनांच्या आसपास. अडचण वजनाची नव्हती, जागेची होती. धक्के लागू नयेत म्हणून गाठींत भरलेला पेंढाच जागा अडवीत होता. तेव्हा गाठी फोडून रायफली सुट्या रचण्यात आल्या, आणि प्रवासी त्यांच्यावरच गाद्या टाकून निजले.

२६ जुलै रोजी हाउथच्या धक्क्यावर, भर दिवसा, त्या हातोहात उतरविल्या गेल्या. स्वयंसेवक त्या खांद्यावर घेऊन डब्लिनकडे चालू लागले. त्याच सायंकाळी बॅचलर्स वॉक येथे सैनिकांनी जमावावर गोळीबार केला व माणसे मृत्युमुखी पडली.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. दिवसाउजेडीचे प्रदर्शन पूर्वनियोजित होते. सुटी रचना मात्र केवळ जागेच्या टंचाईने घडली. या दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडणे चुकीचे ठरेल. लार्नची गाठोडी हेतू सांगतात. हाउथच्या सुट्या रायफली साधनांची मर्यादा सांगतात. १९१६ च्या ईस्टर उठावात याच जुन्या रायफली वापरल्या गेल्या, ही गोष्ट त्या मर्यादेचे पुढील प्रत्यंतर होय.