घरातलं रीफ अ‍ॅक्वेरियम कसं सांभाळायचं? पाणी, वीज आणि अलर्टचं पूर्ण गणित

इन्स्टाग्रामवर निळ्या लाइटखाली चमकणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारे क्लाउनफिश तुम्ही पाहिलेच असतील. अशा टँकला रीफ अ‍ॅक्वेरियम म्हणतात. माझ्या पुण्यातल्या घरात असा ५ × २ × २ फुटांचा टँक आहे. तो नीट चालवणं हे सर्व्हर चालवण्यासारखंच काम आहे: तो २४ तास सुरू राहायला हवा आणि बिघाड झाला की लगेच कळायला हवं. या लेखात आपण हे सगळं कसं चालतं ते पाहूया.

सुरुवात करण्याआधी: वजन आणि कायदा

या मापाच्या टँकमध्ये साधारण ५६५ लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि स्टँड धरून वजन सहज ७०० किलोच्या पुढे जातं. त्यामुळे फ्लॅटमध्ये टँक ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

दुसरी गोष्ट कायद्याची. रीफ बनवणारे सर्व कठीण प्रवाळ, सी फॅन आणि समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रात स्नॉर्कलिंग करताना दिसलेला तुकडा 'आठवण' म्हणून उचलणं हाही गुन्हाच आहे. माझ्या टँकमध्ये झोअँथस आणि मशरूम हे मऊ प्रकार आहेत. दगडही खऱ्या प्रवाळाचे नाहीत, सिरॅमिकचे आहेत. दुकानदार कागदपत्रं दाखवत नसेल तर घेऊ नका.

टँक आतून कसा चालतो?

वर दिसतो तो मुख्य टँक. खालच्या कपाटात दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. पाणी वरून खाली उतरतं, तिथे स्किमर त्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढतो आणि रिटर्न पंप पाणी परत वर चढवतो. वीज गेली की वरचं थोडं पाणी सम्पमध्ये उतरतं, म्हणून सम्प कधीही काठोकाठ भरायचा नाही. नाहीतर ते पाणी हॉलच्या फरशीवर येतं.

खरी सफाई बॅक्टेरिया करतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं. हे बॅक्टेरिया जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे आणायचे नाहीत. बहुतेक नवखे लोक इथेच घाई करतात.

लक्षात ठेवायचे आकडे

- तापमान: २५ ते २६ अंश सेल्सिअस
- क्षारता: दर हजार भागांत ३५
- अल्कलिनिटी: ८ ते ९ डीकेएच
- कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम
- मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम
- अमोनिया आणि नायट्राइट: शून्य

आकडा किंचित इकडेतिकडे असला तरी चालतो, पण तो अचानक बदललेला प्रवाळांना चालत नाही. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशापासून त्यांच्यासाठी अन्न बनवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मुख्यतः कठीण प्रवाळ आणि दगडावरचं जांभळं शैवाल वापरतं. मऊ प्रकारांच्या टँकमध्ये दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की बहुतेक वेळा भागतं. माझ्याकडे त्यासाठी ५६ लिटर पाणी आणि सुमारे २ किलो समुद्री मीठ लागतं. नळाचं पाणी वापरू नका, त्यात तांबं आलं तर गोगलगाय आणि कोळंबीसारखे जीव मरतात. घरातले बरेच प्युरिफायर पाण्यात पुन्हा खनिजं मिसळतात, म्हणून आरओनंतर डीआय फिल्टर लावून टीडीएस शून्य करायचा.

ऑटो टॉप-ऑफ: छोटा सेन्सर, मोठा धोका

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि क्षारता वाढते. म्हणून पातळी उतरली की फ्लोट स्विच पंप सुरू करतो आणि गोडं पाणी भरतो. आता हा स्विच अडकला तर? माझ्या सिस्टिममध्ये एकूण ६०० लिटर पाणी आहे. बाजूच्या पिंपात १०० लिटर असतील आणि ते सगळे आत गेले, तर क्षारता ३५ वरून थेट ३० वर येते. पिंपच २० लिटरचं असेल, तर ती ३४ च्या आसपास थांबते. म्हणून मी पिंप छोटं ठेवलंय. शिवाय पंप दोन मिनिटांपेक्षा जास्त चालला की कोड तो बंद करतो.

हीटरचंही तसंच. एक मोठा घेण्याऐवजी दोन छोटे घ्या. एक 'ऑन'वर अडकला तरी पाणी उकळत नाही.

माझी चूक: अ‍ॅपवर सगळं हिरवं होतं

मी ईएसपी-३२ बोर्डला तापमानाचा सेन्सर जोडून फोनवर आकडा दिसेल अशी सोय केली होती. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि दुपारी वीज गेली. मी ऑफिसमध्ये होतो. अ‍ॅप उघडलं, २५.८ अंश, हिरवा रंग. निश्चिंत झालो.

रात्री घरी आलो तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दोन क्रोमिस मेलेले होते. विजेबरोबर राउटर बंद पडला होता आणि अ‍ॅप तासन्‌तास शेवटचा जुना आकडाच दाखवत होतं. पाणी प्रत्यक्षात फक्त २७.५ अंशांपर्यंत गेलं होतं. मासे मेले ते ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, कारण पंप थांबले आणि पाणी हलायचंच बंद झालं. घरात इन्व्हर्टर होता, पण टँकचा बोर्ड त्याच्या लाइनवर नव्हता.

त्यानंतर मी तीन बदल केले:

१. पाणी हलवणारा वेव्हमेकर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले. चिलर घेतला नाही, तो फार वीज खातो. शिवाय बॅटरीवर चालणारा एक एअर पंप ठेवला.

२. बोर्ड दर मिनिटाला सर्व्हरला 'मी जिवंत आहे' असा मेसेज पाठवतो. पाच मिनिटं मेसेज आला नाही, तर सर्व्हरच माझ्या फोनवर अलार्म वाजवतो. म्हणजे घरची वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलं, तरी मला कळतं.

३. अ‍ॅपमध्ये आकड्याखाली वेळ दिसते. आकडा जुना झाला की रंग राखाडी होतो.

नेहमीचं काम

रोज: मासे मोजा, तापमान आणि पाण्याची पातळी बघा.
दर आठवड्याला: पाणी बदला, काच पुसा, स्किमरचा कप धुवा, क्षारता आणि अल्कलिनिटी तपासा.
दर महिन्याला: फ्लोट स्विच साफ करा आणि मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. अलार्म वाजतो का? पाणी हलतंय का? सम्प भरून वाहतो का?

यातली शेवटची चाचणी मी आधी एकदा जरी केली असती, तर ते दोन मासे वाचले असते. टँक घेणार असाल तर पहिला मासा आणण्याआधीच ती करा.