मुक्त ध्वनिमुद्रिका : कायद्याची मुदत आणि सूचीचा अभाव

जुने संगीत इंटरनेटवर विनामूल्य ऐकावयास मिळते, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. परंतु विनामूल्य मिळणे आणि कायद्याने मुक्त असणे ह्या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत अभ्यासकांकडूनही पुष्कळदा होते. एखादी ध्वनिमुद्रिका कोणीतरी इंटरनेटवर ठेवली आहे, एवढ्यावरून ती सर्वांच्या मालकीची ठरत नाही. उलट, जी कायद्याने सर्वांची होऊन अर्धशतक लोटले ती शोधू जाता सापडत नाही, असेही घडते. ह्या विसंगतीचे मूळ ध्वनिमुद्रणाच्या आणि त्यासंबंधीच्या कायद्याच्या इतिहासात आहे. हिंदुस्थानी संगीत व मराठी नाट्यसंगीत ह्यांच्या ध्वनिमुद्रिकांपुरता तो इतिहास पाहिला तरी प्रश्नाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक 1902 च्या अखेरीस कलकत्त्यास आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने गोहरजान हिचे गायन मुद्रित केले. ही मूळ मुद्रणे जर्मनीतील हानोव्हर येथे पाठविली जात आणि तबकड्या तेथे तयार होत. कलकत्त्यास कारखाना निघाला तो 1908 साली. हानोव्हरच्या कारागिरांना हिंदी भाषा कळण्याचा संभव नव्हता. कोणते गायन कोणाचे, हे त्यांना ओळखता यावे म्हणून गायन संपताच कलावंताने आपले नाव उच्चारावे, असा प्रघात पडला. गोहरजानने ते इंग्रजीत उच्चारलेले आहे. ह्या प्रघाताचे महत्त्व पुढे दिसून येईल.

ध्वनिमुद्रिकेच्या स्वामित्वहक्काचा विचार आपल्याकडे प्रथम ब्रिटिश पार्लमेंटच्या 1911 च्या कायद्याने आला. 1914 च्या हिंदी कायद्याने तो काही फेरफारांसह येथे लागू करण्यात आला. त्यानुसार मूळ साचा तयार झाल्यापासून पन्नास वर्षे हक्क टिकत असे. म्हणजे गोहरजानची 1902 मधील ध्वनिमुद्रणे स्वतंत्र भारताचा 1957 चा कायदा होण्यापूर्वीच मुक्त झाली होती. नव्या कायद्याने मुदत पन्नास वर्षांचीच ठेवली. मात्र ती ध्वनिमुद्रिका प्रथम प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून मोजावयाची, असे ठरविले. अब्दुल करीम खाँ 1937 साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या सर्व ध्वनिमुद्रिकांवरील हक्क ह्या हिशेबाने 1987 च्या अखेरपर्यंत संपुष्टात आला.

ह्यानंतरचा बदल एका कवीच्या निमित्ताने घडला. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली दिवंगत झाले. त्यांच्या ग्रंथांवरील पन्नास वर्षांचा हक्क 1991 च्या अखेरीस संपणार होता. तो संपू नये म्हणून शासनाने त्या डिसेंबरात वटहुकूम काढला व 1992 साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुदत साठ वर्षांची झाली. ही वाढ केवळ ग्रंथांस नव्हे, तर ध्वनिमुद्रिकांसही मिळाली. परिणाम असा की, 1940 साली प्रसिद्ध झालेली तबकडी 1990 च्या अखेरीस मुक्त झाली, तर 1941 सालची तबकडी 2001 च्या अखेरपर्यंत बंधनात राहिली. एका वर्षाच्या अंतराने अकरा वर्षांचा फरक पडला.

परंतु तबकडीवरील हक्क हा तिच्यात सामावलेल्या हक्कांपैकी केवळ एक होय. पदाचे शब्द आणि त्याची चाल ह्यांवरील हक्क निराळे असतात व ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकातील पदाची 1930 पूर्वी निघालेली एखादी ध्वनिमुद्रिका उदाहरणादाखल घेता येईल. तबकडीवरील हक्क 1980 पूर्वीच संपला. पदे रचणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 साली निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क 2008 च्या अखेरीस संपला. चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली निवर्तले. म्हणून चालींची मुदत 2015 च्या अखेरपर्यंत येते. येथे आणखी एक सूक्ष्म भेद आहे. 1957 च्या कायद्यातील व्याख्येनुसार संगीतकृती म्हणजे लिहिलेली अथवा मुद्रित केलेली स्वररचना होय. केवळ कंठात असलेली चाल त्या व्याख्येत बसत नव्हती. 1994 च्या दुरुस्तीने ही लेखनाची अट काढून टाकली. ज्या परंपरेत संगीत मुखाने शिकविले जाते, तिच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे. अनेक पारंपरिक बंदिशींना तर ज्ञात कर्ताच नसतो. त्यामुळे ख्यालगायनाच्या जुन्या तबकड्या नाट्यसंगीताच्या मानाने लवकर मुक्त होतात.

ह्याच्या उलट 'गीतरामायणा'ची स्थिती आहे. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून प्रक्षेपित झालेली ही गीतमाला घरोघर ऐकली गेली, म्हणून ती सार्वजनिक मालकीची झाली असे नव्हे. ग. दि. माडगूळकर 1977 साली व सुधीर फडके 2002 साली दिवंगत झाले. सबब शब्दांवरील हक्क 2037 च्या आणि चालींवरील हक्क 2062 च्या अखेरपर्यंत चालेल. लोकप्रियता ही मुक्ततेची खूण नव्हे, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण मराठीत नसावे.

संग्रह परदेशी असेल तर तेथील कायदाही पाहावा लागतो. युरोपीय संघाने 2011 साली ध्वनिमुद्रणांची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षांवर नेली. अमेरिकेत 1972 पूर्वीची ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर, निरनिराळ्या राज्यांच्या नियमांखाली होती. 2018 च्या कायद्याने त्यांना ठराविक मुदत घालून दिली आणि 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणे 1 जानेवारी 2022 रोजी तेथे मुक्त झाली. भारतात जी तबकडी 1957 पूर्वीच मुक्त झाली, तिच्या मुक्ततेबद्दल अमेरिकेत निःशंक होण्यास आणखी साठांहून अधिक वर्षे जावी लागली.

कायद्याने मोकळी झालेली तबकडी ऐकणार कोठे, हा ह्यापुढील प्रश्न. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. नव्या पद्धतीच्या तबकड्या रूढ झाल्यावर त्या वाजविण्याची यंत्रेही मागे पडली. ज्या काळात हक्क संपत होते, त्याच काळात वस्तू नष्ट होत होती. ह्या स्थितीत इंटरनेटवरील संग्रहांनी मोठे कार्य केले आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 2011 मध्ये 'नॅशनल ज्यूकबॉक्स' सुरू केला. प्रारंभी त्यातील संगीत ऐकता येई, परंतु उतरवून घेण्यास परवानगी नव्हती. 1996 साली स्थापन झालेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' ह्या संस्थेने 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचा प्रचंड संग्रह सर्वांस खुला केला. 2023 साली काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी तिच्यावर दावा दाखल केला व 2025 मध्ये तो तडजोडीने मिटला. जतनाचा हेतू आणि प्रसिद्धीचा अधिकार ह्यांतील भेद त्या प्रकरणाने पुन्हा अधोरेखित केला. भारतीय कायदा खाजगी उपयोग व संशोधन ह्यांसाठी वाजवी सवलत देतो. पण ती सवलत पुनःप्रसिद्धीची परवाना नव्हे.

तात्पर्य, अमुक ध्वनिमुद्रिका मुक्त आहे की नाही, हे ठरविण्यास चार गोष्टी कळाव्या लागतात : प्रथमप्रसिद्धीचे वर्ष, गायक, पदकर्ता आणि चाल देणारा. पुनर्मुद्रित आवृत्तीच्या वेष्टनावरील वर्ष ह्या कामी निरुपयोगी असते, कारण कायदा प्रथमप्रसिद्धी पाहतो. ही माहिती संग्रहाच्या नोंदीत क्वचितच सापडते. तबकडीवरील नावे रोमन लिपीत उच्चारानुसार कशीही लिहिलेली असत. गोहर, गौहर, जान, जाँ असे भेद एकाच व्यक्तीच्या नावात आढळतात. शोधयंत्रास त्या भिन्न व्यक्ती वाटतात. पुढे देवनागरीतून शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांपैकी काहीच हाती लागत नाही, आणि असलेली वस्तू नसल्यासारखी होते.

म्हणून ह्या क्षेत्रातील खरे मुक्तिकार्य सूचिकारांनी केले, असे म्हणावयास हवे. मायकेल किनियर ह्यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 ह्या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली व ती 1994 साली मुंबईहून प्रसिद्ध झाली. 1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ह्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून असेच संशोधन प्रकाशात आणले. मराठी ध्वनिमुद्रिकांची वर्षवार आणि कर्तृवार, नावांच्या सर्व पाठभेदांसह केलेली सूची हे भाषाविभाग व संगीतविभाग ह्यांनी मिळून हाती घेण्याजोगे कार्य आहे. त्याला लिपी, उच्चार आणि पाठभेद ह्यांची जाण लागते. ती भाषाभ्यासकाजवळ असते.

अशा सूचीसाठी एक साधन तबकडीतच दडलेले आहे. हानोव्हरच्या कारागिरांसाठी उच्चारलेली ती नावे अनेक जुन्या ध्वनिमुद्रणांच्या अखेरीस आजही ऐकू येतात. वेष्टन हरवले, छापील अक्षरे पुसली, तरी कलावंताने स्वतःच्या मुखाने दिलेली ती साक्ष शिल्लक राहते. तिची नीट नोंद करून ठेवणे एवढेच आता उरले आहे.